संवादांच्या फटीतलं गाणं

गाणं करायला बसलो तेव्हा माझ्यापुढे तीन वाक्यं होती, आणि त्यातलं एकही गाण्यातलं नव्हतं. पडद्यावर रात्रीच्या रस्त्यानं गाडी चाललेली. ती चालवतेय, तो शेजारी. तो म्हणतो, "तू अजून रात्रीच गाडी चालवतेस." बऱ्याच वेळानं ती म्हणते, "दिवसा सगळे रस्ते ओळखीचे वाटतात." त्यावर थोडं थांबून तो, "मी उद्या निघतोय." २ मिनिटं ४० सेकंदांच्या प्रसंगात बोलणं एवढंच. दिग्दर्शिका मला म्हणाली, "बघ, तुला कसं मोकळं रान दिलंय!" मी मान डोलावली खरी, पण रान मोकळं नव्हतं. त्या तीन वाक्यांच्या जागा सेकंदासकट पक्क्या होत्या, आणि गाण्याला त्यांच्या अधूनमधून अंग चोरूनच जायचं होतं.

कथेतले हे दोघं ऐंशीच्या दशकात एकमेकांच्या प्रेमात होते. गाडीत कॅसेट लागते आणि त्यातून गाणं सुरू होतं. म्हणून दिग्दर्शिकेला त्या काळातलं सिंथ-पॉप बॅलड, म्हणजे सिंथेसायझरवर वाजणारं संथ गाणं, हवं होतं. हळू लय, लांबलचक पॅड (म्हणजे सिंथवर धरून ठेवलेले स्वर), मशीनचा ठेका आणि त्या सगळ्यावर एकटा माणसाचा आवाज. एखादं जुनं गाजलेलं गाणं का घेत नाही, असं मी विचारून पाहिलं. हक्कांचे पैसे परवडणार नाहीत हे पहिलं कारण तिनं लगेच सांगितलं. दुसरं कारण तिनं नंतर कधीतरी सांगितलं, आणि ते मला जास्त पटलं. ओळखीचं गाणं वाजलं की प्रेक्षक स्वतःच्या आठवणीत जातो. तिला तो या दोघांच्या गाडीत बसलेला हवा होता.

अडचण अशी की रफ कटवर, म्हणजे संकलनाच्या कच्च्या प्रतीवर, तिनं एक ओळखीचंच गाणं लावून ठेवलं होतं. संकलन चालू असताना तात्पुरतं म्हणून जे संगीत लावतात, त्याला आमच्याकडे टेम्प म्हणतात. हे टेम्प म्हणजे संगीतकाराच्या डोक्याला ताप. महिनोन् महिने तेच ऐकून दिग्दर्शकाला त्याची सवय होते आणि मग नवं काहीही केलं तरी त्याला ते चुकल्यासारखं वाटतं. इथं टेम्पला होतं 'टेक माय ब्रेथ अवे', १९८६ च्या 'टॉप गन'मधलं, बर्लिन या बँडनं गायलेलं. याहून अवघड शेजार मिळाला नसता. संगीत जॉर्जियो मोरोडरचं. १९७७ मध्येच डॉना समरच्या 'आय फील लव्ह'मधून त्यानं सिक्वेन्सरवर, म्हणजे स्वर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर, चालणारा बेस (खालच्या स्वरांची ओळ) नाचाच्या संगीतात आणला होता. शब्द टॉम व्हिटलॉकचे. हा गृहस्थ गाड्यांचं काम करायचा आणि मोरोडरशी त्याची ओळख झाली ती फेरारीच्या ब्रेकवरून. गाण्याला ऑस्कर मिळालं. पण मला धडकी भरली ती ऑस्करची नव्हे, बेसची. त्यातला तो सिंथचा बेस नुसता वाजला तरी गाणं ओळखू येतं, बर्लिनची गायिका टेरी नन हिचा आवाज यायची वाट बघावी लागत नाही.

म्हणून पहिलाच निर्णय घेतला की माझं गाणं बेसवर सुरू होणार नाही. त्या वेळी ही नुसती पळवाट होती. त्यामागचं खरं कारण नंतर सापडलं, ते पुढे येईलच.

चालीच्या आधी लय ठरवली. एरवी मी असं करत नाही. एरवी काहीतरी गुणगुणताना लय आपोआप ठरते आणि मग मेट्रोनोम त्याला जुळवायचा. इथं उलटा हिशेब होता. पहिलं वाक्य येत होतं ३५ व्या सेकंदाला, दुसरं ६९ व्या, तिसरं त्याच्या पाठोपाठ. आणि दीड मिनिटावर, म्हणजे बरोबर ९० व्या सेकंदाला, ती मान वळवून पहिल्यांदा त्याच्याकडे बघते. ध्रुवपद तिथंच उघडायला हवं होतं, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. तिनं बघण्याच्या आधी उघडलं तर गाण्यानं तिचं मन आधीच फोडल्यासारखं होईल. नंतर उघडलं तर गाणं तिच्या मागून धावल्यासारखं वाटेल.

मग कागदावर मांडणी केली. चार मात्रांचा एक बार. सुरुवातीला चार बार नुसता पॅड, मग आठ बार पहिला अंतरा. त्यानंतर चार बार रिकामे, त्याच्या पहिल्या वाक्यासाठी. मग दुसरा अंतरा आठ बार, पुन्हा चार बार रिकामे, दोघांच्या उरलेल्या वाक्यांसाठी. शेवटी ध्रुवपदाकडे चढत नेणारे चार. एकूण बत्तीस. बत्तीस बार ९० सेकंदांत बसवायचे तर एक बार २.८१२५ सेकंदांचा होतो आणि लय येते मिनिटाला ८५.३३ मात्रा. दशांशातली लय बघून वाद्यं वाजवणारे मित्र हसतात, पण चित्रपटासाठी काम करणाऱ्याला त्यात नवल नाही. चित्र सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबानं पळतं. मिनिटाला ९० मात्रा असतील तर एका मात्रेला नेमक्या १६ फ्रेम येतात, ९६ असतील तर १५. असे गुळगुळीत आकडे मिळाले तर उत्तमच. माझ्या प्रसंगाला मिळाले नाहीत, तर नाहीत. तपासून पाहिलं, पहिला अंतरा ३३.७५ सेकंदांना संपत होता आणि वाक्य ३५ ला. सव्वा सेकंदाची उसंत. गायिकेचा शेवटचा स्वर विरायला आणि त्यानं तोंड उघडायला तेवढी पुरे.

ध्रुवपद आठ बारचं, दोनदा. त्यानंतर आठ बारचा उतार, आणि शेवटचे अडीच सेकंद नुसत्या रिव्हर्बला, म्हणजे विरत जाणाऱ्या घुमाऱ्याला. असा सगळा सांगाडा तयार झाला तेव्हा त्यात एकही स्वर नव्हता.

आता बेसचं. गाणं गाडीतल्या कॅसेट प्लेअरमधून सुरू होतं, म्हणजे पहिल्या अंतऱ्यात ते छोट्या स्पीकरमधून आल्यासारखं वाटायला हवं. असा स्पीकर खालचे स्वर धड देत नाही आणि वरची चमकही देत नाही. मधला एक पट्टा तेवढा येतो, तोही एकाच दिशेनं. मग त्या भागात बेस वाजवून करायचं काय? कुणाला ऐकूच येणार नाही. बेस राखून ठेवायचा आणि ती वळून बघते तेव्हा ध्रुवपदासोबत आणायचा, म्हणजे गाणं गाडीच्या डॅशबोर्डातून बाहेर पडून सगळ्या सभागृहात पसरलं हे कानापेक्षा आधी छातीला कळेल. टेम्पच्या सावलीतून निसटायला शोधलेली वाट गाण्याचा कणाच ठरली. दिग्दर्शिकेला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बेसवालं ते गाणं आता विसरायचं का मी?" म्हटलं, "ते विसरू नकोस. संकलनाच्या टाइमलाइनवरून काढ फक्त." तिनं काढलं. त्यानंतर कामाला वेग आला.

पट्टी ठरली ती मात्र ध्वनिरचनाकारामुळे. मी कच्ची चाल ए फ्लॅटमध्ये पाठवली होती. त्याचा फोन आला, "गाडीचा घुमारा तुझ्या गाण्याशी भांडतोय." चित्रीकरणाच्या वेळचा इंजिनाचा आवाज त्याला ठेवायचा होता, कारण संवाद त्याच आवाजात बुडालेले होते. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला २,९०० फेऱ्यांच्या आसपास फिरत असेल तर सेकंदाला साधारण ९७ स्फोट, म्हणजे खालच्या जी स्वराच्या अगदी जवळ. तो स्वर ९८ हर्ट्झचा. सरळ मोकळ्या रस्त्यावर वेग फारसा बदलत नव्हता, त्यामुळे तो घुमारा सबंध प्रसंगभर टिकून होता. ए फ्लॅट त्याच्या अर्ध्या स्वरानं वर, म्हणजे भांडण होणारच. गाणं अर्ध्या स्वरानं खाली जी मध्ये आणलं आणि इंजिनानंच षड्ज लावून दिला. गायिकेलाही खालची पट्टी सोयीची पडली. सुरुवातीला चार बार नुसता पॅड ठेवलाय, तिथं आता पॅड कुठं संपतो आणि गाडी कुठं सुरू होते हे मलाही नीट सांगता येत नाही.

आवाज तयार करणं हा या प्रकारातला सगळ्यात मजेचा भाग, आणि सगळ्यात फसवाही. सॉफ्टवेअर सिंथमध्ये 'एटीज' नावाची बटणं शेकड्यानं असतात. एक दाबलं की चकचकीत, तयार ऐंशीचं दशक हजर. मला त्याचा कंटाळा आहे. तो काळ म्हणजे निऑन दिवे आणि धडाधड वाजणारा स्नेअर ड्रम एवढाच नव्हता. ती माणसं मर्यादा असलेल्या यंत्रांशी झगडत होती, आणि आवाजाला जी ओळख आली ती बरीचशी त्या मर्यादांतून.

पॅडसाठी मी रोलंडच्या ज्युनो-१०६ या सिंथची सॉफ्टवेअर आवृत्ती घेतली. मूळ यंत्र १९८४ चं, एका वेळी सहाच स्वर वाजवणारं. प्रत्येक स्वराला ऑसिलेटर, म्हणजे मूळ लहर तयार करणारा भाग, एकच, त्यामुळे दोन ऑसिलेटर किंचित बेसूर करून जो भरदारपणा आणतात तो इथं शक्यच नाही. भरदारपणा येतो तो आत बसवलेल्या कोरसमधून, म्हणजे त्याच आवाजाच्या किंचित हलत्या प्रती मिसळणाऱ्या इफेक्टमधून. तो कोरस बऱ्यापैकी फुसफुसतो. एरवी ही फुसफुस काढून टाकायला माणसं धडपडतात. मी ठेवली, कारण गाणं कॅसेटवर आहे आणि कॅसेटही फुसफुसतेच.

पण ज्युनो निवडायचं मुख्य कारण त्याचा फिल्टर, म्हणजे वरच्या वारंवारता कापणारा भाग. माणसाच्या बोलण्याचा स्पष्टपणा ज्या पट्ट्यात असतो, म्हणजे ढोबळमानानं १ ते ४ किलोहर्ट्झ, तिथं पॅड पसरलेला असला की संवाद गढूळ होतात. मिक्सिंगवाला मग सगळं संगीतच खाली ओढतो आणि प्रेक्षकाला गाणं कुणीतरी अचानक दाबल्यासारखं वाटतं. त्याऐवजी वाक्य यायच्या बारभर आधीपासून मी फिल्टर हळूहळू बंद करत नेला. पॅडची पातळी तीच राहते, फक्त त्याच्यातला उजेड कमी होतो. वाक्य संपलं की पुन्हा उघडायचा. प्रेक्षकाला वाटतं की सिंथ श्वास घेतोय. खरं म्हणजे तो बोलणाऱ्याला वाट देत असतो.

घंटेसारखे जे दोन-चार स्वर आहेत त्यांना यामाहा डीएक्स७ चा आवाज हवा होता. १९८३ चं हे यंत्र, आणि त्यामागचं एफएम सिंथेसिस स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंगनं शोधलेलं. एका लहरीनं दुसरीची वारंवारता झपाट्यानं हलवायची, की त्यातून काचेसारखे, धातूसारखे आवाज निघतात. अशा लहरी तयार करणारे सहा ऑपरेटर, ते एकमेकांना जोडायच्या ३२ पद्धती, आणि हे सगळं एका बोटभर पडद्यातून बघत बदलायचं. तेव्हाच्या बहुतेकांनी तयार आवाजच वापरले यात आश्चर्य नाही. आणि डीएक्स७ मध्ये फिल्टर नाहीच. म्हणजे पॅडची युक्ती इथं लागू नाही. आवाज मवाळ करायचा तर हलवणाऱ्या लहरीचा जोर कमी करायचा. तो जोर मी बोटाच्या दाबाला बांधला, हळू वाजवलं की लाकडी, जोरात वाजवलं की काचेरी. संवादांजवळचे स्वर हळू वाजवले. त्यासाठी कीबोर्डवर बराच वेळ त्याच त्या चार स्वरांशी बसावं लागलं, आणि घरच्यांनी दार लावून घेतलं.

ठेक्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लिनड्रम या त्या काळच्या ड्रम मशीनच्या धाटणीचे आवाज, ध्रुवपदातच, तेही मोजके. स्नेअरवर गेटेड रिव्हर्ब लावला. हा मोठ्या खोलीचा घुमारा मधेच कात्रीनं कापल्यासारखा बंद होतो. त्या काळाची खूण म्हणून त्याची चेष्टा होते, पण मला त्याचा उपयोग वेगळाच झाला. शेपटी कापलेली असल्यानं तो पुढच्या शब्दावर सांडत नाही.

मग शब्द. गीतकार माझा जुना मित्र आणि भांडायला पक्का. मी त्याला डमी शब्दांवर चाल गाऊन पाठवली. त्यानं पाठवलेल्या पहिल्या खर्ड्यात रात्र होती, रस्ता होता, मागे पडणारे दिवे होते. मी म्हटलं, "अरे, हे सगळं पडद्यावर दिसतंय की." तो म्हणाला, "मग मी काय लिहू? न दिसणारं?" "हो." फोनवर बराच वेळ शांतता. तो चिडला होता हे उघड होतं. गाणं म्हणून खर्डा सुरेख होता. अल्बममध्ये असता तर मी एक अक्षर बदललं नसतं. पण गाडीच्या दृश्यावर गाडीचं वर्णन ठेवलं की गाणं चित्राला मथळा दिल्यासारखं होतं.

दुसऱ्या खर्ड्यात ध्रुवपदाची ओळ आली. 'राहू दे ना, राहू दे ना, जे न म्हटले ते राहू दे ना.' वाचताना साधी वाटते. कागदावर मलाही साधीच वाटली होती. चालीवर ठेवून पाहिली तेव्हा तिचं काम कळलं. सगळ्यात वरचा स्वर 'ना'वर येतो आणि 'आ' हा स्वर वरच्या पट्टीत मोकळा सुटतो. पहिल्या खर्ड्यात त्याच जागी ईकारान्त शब्द होता. 'ई' वर धरून ठेवायला गायिकेला गळा आवळावा लागतो, आणि हळू गाण्यात तो ताण लपत नाही. शिवाय या ओळीत तिनं आणि त्यानं गाडीत जे बोललं नाही तेवढंच आहे. तीन वाक्यांतलं काहीही गाणं पुन्हा म्हणत नाही.

अंतऱ्यांत त्यानं शब्द फार कमी ठेवले. माझी भीती होती की एवढ्या हळू लयीत अंतरा रिकामा वाटेल. तो म्हणाला, "तुझा पॅड आहे ना तिथं? मग त्याला काम करू दे." चिडलेला माणूस कधीकधी बरोबर बोलतो.

गायिका आमच्यापेक्षा वयानं आणि कामानंही मोठी. ताईंनी आल्या आल्या विचारलं, "मला हेडफोनमध्ये संवाद देणार का?" सहसा गायकाला फक्त ट्रॅक देतात. मी म्हटलं, "ताई, मधेमधे बोलणं आलं तर तुम्हाला त्रास होईल." त्या म्हणाल्या, "कोण कुणाशी बोलतंय ते मला कळू नये, आणि मी मधेच गात सुटावं, असं करू का?" दिले संवाद. फरक ताबडतोब ऐकू आला. पहिल्या अंतऱ्याचा शेवटचा स्वर मी दोन मात्रा लांब लिहिला होता. त्यांनी तो एका मात्रेतच सोडला, कुणी सांगितलं नसताना. समोरच्यानं बोलायला श्वास घेतलाय म्हटल्यावर आपण जसे थांबतो तसं. तो तसाच ठेवला.

एक गोष्ट मात्र सुरुवातीला जमेना. ताई पहिला अंतरा अगदी माइकजवळ, श्वासाळलेल्या आवाजात गायल्या. स्टुडिओत अंगावर काटा आला. पण तोच टेक गाडीच्या स्पीकरसारखा करून ऐकला तर सगळं मेलेलं. श्वासाचा आवाज मुख्यतः वरच्या वारंवारतेत असतो, आणि नेमका तोच भाग तो स्पीकर खातो. उरतो तो मधला कोरडा गाभा, त्यात कुजबुज म्हणजे नुसता पुटपुटाट. ताईंना ते ऐकवलं. त्यांनी एकदाच ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे व्यंजनं खायची नाहीत." पुढचा टेक थोडा मागे सरकून, शब्द नीट उच्चारून, पण आवाज न वाढवता दिला. ध्रुवपदात सगळा पट्टा मोकळा होतो, तिथं त्यांनी श्वास परत आणला. त्या सफाईपुढे माझ्या सगळ्या फिल्टरच्या कसरती पोरकट होत्या.

ध्रुवपद त्यांच्याकडून दोनदा गाऊन घेतलं आणि दोन्ही टेक एकावर एक ठेवले. अंतऱ्यात असं केलं नाही. शेजारी तो असला तरी तिथं ती एकटीच आहे, दोन आवाज कशाला?

आणि मग, सगळं रेकॉर्ड झाल्यावर, दिग्दर्शिकेचा फोन. "सुरुवातीच्या रस्त्याच्या शॉट्समधले सहा सेकंद काढलेत. फक्त सहा. काही फरक पडत नाही ना?"

पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे संकलन पक्कं झाल्यावर, चित्र बदलू नये असं सगळे म्हणतात, आणि बदलतात. मन शांत करायला मी स्वतःला दुसऱ्यांची दुःखं आठवून दिली. 'प्रीटी इन पिंक' या चित्रपटाचा शेवट चाचणी खेळानंतर बदलला, तेव्हा ओएमडी या बँडचं आधी केलेलं गाणं बसेना आणि त्यांना जवळपास एका दिवसात 'इफ यू लीव्ह' करावं लागलं. त्या मानानं माझे सहा सेकंद म्हणजे काहीच नाही.

ती वळून बघायची ती आता ८४ व्या सेकंदाला. बत्तीस बार तसेच ठेवून लय वाढवायची तर ती ९१.४३ वर जाते. ताईंचा आवाज तेवढा आवळला तर घाईघाईनं निरोप देणाऱ्या माणसासारखा लागतो. दुसरा मार्ग, सुरुवातीच्या पॅडचे चार बार होते त्यातले दोन काढायचे. शॉट्सही तिथलेच गेले होते. उरले तीस बार. तीस बार ८४ सेकंदांत म्हणजे एक बार बरोबर २.८ सेकंदांचा आणि लय ८५.७१. आधी ८५.३३ होती. हा फरक कुणाच्या कानाला कळत नाही. सिंथच्या भागांचं काम तर लय बदलल्याक्षणी झालं, कारण मिडीत आवाज नसतोच, कोणता स्वर कधी आणि किती जोरात एवढ्या सूचना असतात. आवाजाचे टेक तेवढे हजारात चार-पाच भागांनी आवळले. पहिलं वाक्य आता २९ व्या सेकंदाला येतं आणि अंतरा २८ व्या सेकंदाला संपतो. उसंत सव्वा सेकंदाची एक झाली, पण ताईंनी स्वर आधीच आखडला होता म्हणून ती पुरली.

एकोची वेळही त्यामुळे सुरेख झाली, एका मात्रेला ७०० मिलिसेकंद. पण ध्रुवपदाआधीच्या शेवटच्या शब्दाचा एको बेसच्या पहिल्या ठोक्यावर पडून तो बोथट करत होता. तेवढा हातानं कापला.

मिक्सिंगसाठी गाणं एकसंध द्यायचं नसतं. आवाज, आवाजाचा एको आणि रिव्हर्ब, पॅड, घंटा, बेस, ठेका असे वेगवेगळे स्टेम, म्हणजे सुटे ट्रॅक, ४८ किलोहर्ट्झवर, सगळे एकाच टाइमकोडपासून सुरू होणारे. आवाजाचा एको वेगळा ठेवायचा माझा आग्रह होता, कारण संवादांवर नेमका तोच सांडतो.

गाडीतल्या स्पीकरचा आवाज आम्ही सॉफ्टवेअरच्या प्लगइननं केला नाही. 'अमेरिकन ग्राफिटी' या १९७३ च्या चित्रपटासाठी ध्वनिरचनाकार वॉल्टर मर्चनं गाणी खऱ्या जागेत वाजवून पुन्हा रेकॉर्ड केली होती, ती पद्धत वापरली. बंद उभ्या केलेल्या जुन्या गाडीत तिच्याच स्पीकरवर पहिला भाग लावला आणि मागच्या सीटवर माइक ठेवला. काचा, फोम, प्लास्टिक, सगळ्यांनी त्या आवाजात आपापला वाटा उचलला. चढत्या चार बारमध्ये ही गाडीतली आवृत्ती मागे जाते आणि पूर्ण गाणं पुढे येतं. पहिल्या प्रयत्नात त्या चार बारमध्ये ताईंचा आवाज पोकळ नळीतून आल्यासारखा झाला. मिक्सिंगवाल्यानं कारण लगेच ओळखलं. स्पीकर ते माइक हे अंतर कापायला आवाजाला मीटरमागे सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, तेवढी गाडीतली आवृत्ती उशिरा येत होती आणि दोन्ही एकत्र वाजताना काही वारंवारता एकमेकींना खोडत होत्या. ती तेवढी पुढे सरकवली आणि पोकळपणा गेला.

क्यू शीट भरताना पुन्हा विचार करावा लागला. कोणतं संगीत किती सेकंद आणि कशा प्रकारे वाजलं याचा हा तक्ता, रॉयल्टीचा हिशेब यावरच होतो. आमचं गाणं आधी पात्रांनाही ऐकू येतं, नंतर फक्त प्रेक्षकांना. एकच गाणं, दोन ओळींत नोंदवलं. दिग्दर्शिकेनं ते शेवटच्या श्रेयनामावलीवरही पहिलंच लावलं. मी तिला गमतीनं म्हटलं की ऑस्करच्या नियमात हे बसतं. गाणं त्या चित्रपटासाठीच लिहिलेलं असावं आणि ते चित्रपटात वाजावं किंवा शेवटच्या श्रेयनामावलीत सगळ्यात पहिलं वाजावं, असा तो नियम आहे. ती म्हणाली, "आधी थिएटर मिळू दे."

अल्बमसाठीच्या आवृत्तीवर मात्र आमचं एकमत झालं नाही. तिथं संवाद नाहीत, म्हणजे चार-चार बारच्या दोन जागा सरळ रिकाम्या. गीतकाराला तिथं आणखी ओळी हव्या होत्या, दिग्दर्शिकेला सिंथचा सोलो. दुसऱ्या जागेत मी डीएक्स७ च्या घंटेवर छोटा सोलो वाजवला, कारण तिथून गाणं ध्रुवपदाकडे चढतं आणि त्याला शिडी लागते. पहिल्या जागेत काही भरलं नाही. नुसता पॅड आहे, आणि त्याचा फिल्टर त्या वाक्यासाठी जसा बंद होत होता तसाच अजून बंद होतो. गीतकार अजूनही म्हणतो की तिथं गाणं अडखळतं.